थाळ्यातला पहिला हात

मस्कतच्या वादी कबीर भागात आमच्या वर्कशॉपच्या मागच्या भिंतीला लागून एक बैठं घर होतं. तीन खोल्या, सिमेंटचं अंगण, अंगणात पाण्याची टाकी आणि टाकीखाली बारा महिने ओला राहणारा एक कोपरा. भिंतीपलीकडे दिवसभर बँडसॉ किंचाळायचा. काम बंद झालं तरी तो आवाज तासभर कानात राहायचा, आणि तो विरला की खिडकीतल्या एसीची घरघर सुरू व्हायची. भुसा सगळीकडे असायचा. अंथरुणात, कानात, डाळीत. आम्ही दारं आणि मंदूस बनवायचो. मंदूस म्हणजे पितळी खिळ्यांनी मढवलेली पेटी. तिकडच्या लग्नघरात ती लागतेच. मी लाकडावर नक्षी काढून द्यायचो, ती कोरायचा याकूब.

त्या घरात आम्ही सहा जण होतो. हसनचाचा सगळ्यात वडील, रत्नागिरीकडचे, पूर्वी गलबतं बांधणारे. वर्कशॉपचे फोरमन तेच आणि घरचे आचारीही तेच. विश्राम संगमेश्वरचा, मशीनवर. त्याच्या डाव्या हाताचं अर्धं बोट रंध्यानं नेलं होतं आणि उरलेल्या अर्ध्यानं तो माणसांकडे बोट दाखवायचा. दापोलीचे दोघे भाऊ पॉलिशचं काम करायचे आणि नेहमी एकदमच बोलायचे. याकूब मुरूडकडचा, सिद्दी. काळा, कुरळ्या केसांचा, उंच. त्याच्या हातात पटाशी आली की साग लोण्यासारखा सुटायचा. सहावा मी. मला वाचता-लिहिता चांगलं यायचं, इंग्रजी फॉर्म भरता यायचे, म्हणून मला सगळे मास्तर म्हणायचे. मी तेव्हा पंचविशीच्या आत होतो. आता साठी ओलांडली आहे. मधल्या काळात ही गोष्ट दोन प्रकारे सांगितली गेली आणि दोन्ही खोट्या होत्या. त्यातली एक मी स्वतः लिहून सही करून दिली होती. दुसरी दुसऱ्याच कुणीतरी पसरवली आणि मी ती पसरू दिली.

आमच्यात मारामारी नवी नव्हती. बादलीभर पाण्यावरून विश्रामनं धाकट्या दापोलीकराच्या डोक्यात तांब्या घातला होता. रक्त निघालं, हळद भरली, संध्याकाळी दोघं एकत्र पत्ते खेळत बसले. गावाहून आलेली चिठ्ठी द्यायला उशीर झाला की मार, एसीखालची जागा बळकावली की मार. दिवसभर यंत्रापुढे जीव मुठीत धरून राबणाऱ्या माणसांचे हात घरी आल्यावर लगेच शांत होत नाहीत. हे मी समर्थन म्हणून सांगत नाही. ते घर कसं होतं, ते कळावं म्हणून सांगतो.

आणि तरीही शुक्रवार सुंदर असायचा. सुट्टीचा दिवस. सकाळी हसनचाचा मत्र्याच्या मासळीबाजारातून सुरमई आणायचे. खोबऱ्याचं वाटण, त्यात तिकडचा वाळलेला काळा लिंबू ठेचून, वर भाताची वाफ. जुम्म्याची नमाज पढून ते आणि याकूब परतले की अंगणातल्या चटईवर थाळा उतरायचा. दोन हात रुंद ॲल्युमिनियमचा थाळा, सहा माणसांना एकच. चाचा आणि याकूब यांच्याकडे तशीच रीत होती. विश्राम पहिले सहा महिने आपली ताटली घेऊन वेगळा बसला. मग एका शुक्रवारी चाचा म्हणाले, "विश्राम, माशाचं डोकं थाळ्यात हाय, ताटलीत येणार नाय." तो मुकाट्यानं सरकला. त्या दिवसापासून सहा हात आणि एक थाळा. मी गावाकडे पत्रात हे कधीच कळवलं नाही, पण मला त्याचा फार अभिमान होता.

मिसळबंदर त्याच थाळ्याभोवती जन्माला आलं. जेवण झालं की उन्हाची दोन-तीन वाजेपर्यंतची वेळ काढायची कशी, हा प्रश्न असायचा. मी गोष्टी सांगायचो. एकदा सांगितलं, समजा, पोर्तुगीज मस्कत सोडून गेले तेव्हा किल्ला कुठल्या सरदाराच्या हाती पडलाच नाही. मागे राहिलेल्यांनी तो धरला. कोकणातून धरून आणलेले सुतार, झांझिबारचे खलाशी, बलुची शिपाई, गोव्याचा एक आचारी. त्यांनी राजा नेमला नाही. चिठ्ठ्या टाकून एक वर्षाचा अध्यक्ष निवडला, एकमेकांच्यात लग्नं केली, आणि तीनशे वर्षांत वेगळीच माणसं तयार झाली. त्यांची भाषा आमच्यासारखीच, "यल्ला भाऊ, खाना खलास, आता झोपूया" अशी. त्या प्रजासत्ताकाचं नाव मिसळबंदर. पहिला कायदा: सगळ्यांचा थाळा एक. हसनचाचांना अध्यक्ष केलं. ते डोळे पुसत हसले आणि म्हणाले, "लाहौल! माझ्या बायकोला कळवा रे, तिला अजून मी हमाल वाटतो."

चार शुक्रवार हे असंच चाललं. मग विश्राम कंटाळला. "मास्तर, सगळेच सारखे असतील तर गोष्टीत मजा काय? कुणीतरी वर पायजे, कुणीतरी खाली पायजे."

मी त्याच आठवड्यात शंभर पानी वही आणली. मला या कामात गती होती, हे लिहिताना आजही लाज वाटते. मी तीन वर्ग केले. पूर्वज जहाजावर कुठे बसून आला, त्यावरून. वर शिडापाशी होते ते शिडाचे. मध्ये वल्ही मारणारे ते वल्ह्याचे. खाली अंधारात साखळीत होते ते तळाचे. शिडाचा बाप आणि वल्ह्याची आई असेल तर मूल काय, तळाची आई असेल तर किती पिढ्यांनी वल्ह्यावर चढता येईल, कुणी कुठल्या दारानं किल्ल्यात शिरायचं, सगळं कलमवार लिहिलं. आणि कुणाचा वर्ग कुठला हे ठरवायला दापोलीकरांच्या फळीवरून पॉलिशच्या छटांचं कार्ड आणलं. गिऱ्हाइकाला दाखवायचं असतं ते. ओक, साग, अक्रोड, शिसवी, आबनूस, अशा लाकडाच्या पट्ट्या चिकटवलेलं. ओक-साग म्हणजे शिडाचे, अक्रोडापर्यंत वल्ह्याचे, शिसवीपासून पुढे तळाचे. एकेकाला बोलवायचं, बाही वर करायची, दंडाला कार्ड लावायचं, आणि वहीत लिहायचं. हसून हसून पोटं दुखली. हसनचाचा ओक निघाले. विश्राम साग. भाऊ दोघेही अक्रोडाच्या अलीकडे. याकूबनं स्वतःच बाही फाडल्यासारखी वर केली आणि म्हणाला, "शोधू नको मास्तर, शेवटची पट्टी लाव." आबनूसही त्याच्या दंडापुढे फिका वाटला. तो सगळ्यांत मोठ्यानं हसला. "पण एक लिवून ठेव," म्हणाला, "आमचे पूर्वज मुरूडला किल्ल्यात होते. तुमचे खाली नारळ सोलत होते."

माझा दंड मीच लावला. कार्डावर तो शिसवीला जुळत होता. मी अंगठ्यानं ती पट्टी झाकली आणि "अक्रोड" लिहिलं.

वर्ग आले की क्रम येतो. थाळ्यात पहिला हात शिडाच्यांचा, मग वल्ह्याच्यांचा, तळाच्यांचा शेवटी. तोवर त्यानं पाण्याचा जग धरून उभं राहायचं. हा क्रम मी कल्पनेतून काढला नव्हता. आमच्या गावात आमची पंगत शेवटची. लग्न कुणाचंही असो, आमची पानं गोठ्याच्या कडेला, सगळ्यांचं ढेकर देऊन झाल्यावर. सहा-सात वर्षांचा असताना एका लग्नात मी धावत जाऊन पहिल्या पंगतीत बसलो आणि समोरच्या पानावरची जिलबी उचलली. वडिलांनी मला मनगटाला धरून ओढलं आणि मांडवाच्या दारात, सगळ्यांसमोर, त्याच हातावर निरगुडीच्या फोकानं मारलं. फोक मोडेपर्यंत मारलं. पंगतीतली माणसं म्हणाली, "पुरे रे, लेकरू आहे." ती किती चांगली माणसं आहेत असं मला तेव्हा वाटलं होतं. वडील रडत होते हे मला फार वर्षांनी आठवलं. मस्कतला येताना मी आडनाव टाकून गावाचं नाव लावलं. त्या घरात माझी पंगत कुठली, हे कुणाला माहीत नव्हतं. निदान मला तसं वाटत होतं.

घरात याकूब तळाला गेला आणि घराबाहेर तो रोज वर जात होता. आमचे अर्बाब, म्हणजे मालक, सावळ्याहून सावळे होते; त्यांची आजी झांझिबारची. याकूबला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते त्याच्याशी भराभर स्वाहिली बोलायला लागले. याकूबला अक्षर कळलं नाही. त्यानं हात जोडून शुद्ध मुरूडच्या बोलीत सांगितलं, "अर्बाब, मना फक्त मराठी येतं." अर्बाब इतके हसले की त्यांची टोपी पडली. तेव्हापासून इब्राला किंवा बौशरला दार बसवायला जायचं असलं की याकूब पिकअपच्या केबिनमध्ये अर्बाबशेजारी, एसीत. आणि आम्ही मागे हौद्यात, दाराच्या फळ्या धरून, उन्हात. दोन तास. मागच्या काचेतून त्याचं कुरळं डोकं दिसायचं. विश्राम त्या काचेवर थुंकायचा. थुंकी वाऱ्यानं आमच्याच तोंडावर उडायची.

याचा हिशेब शुक्रवारी व्हायचा. आधी "तळ, पाणी आण" हे थाळ्यापुरतं होतं. मग थाळा घासायचं काम त्याचं झालं, मग संडासाचं. मग एसीचं पाणी गळायचं त्या जागी त्याचं अंथरूण. मग शनिवारीही, सोमवारीही, "ए तळ." वहीत शिक्षेची कलमं मी वाढवत गेलो. पहिल्यांदा उठाबशा होत्या, मग सागाची पट्टी आली. दार चौकटीत बसवताना उरते ती, बोटभर जाड. पोटऱ्यांवर दोन. उलटून बोलला तर चार. मारायचा विश्राम, मोजायचे भाऊ, कलम वाचायचो मी. हसनचाचा म्हणायचे, "अरे, खेळ खेळासारखा ठेवा," आणि आत जाऊन लवंडायचे. याकूब मार खाऊन सलाम ठोकायचा, "शिडाचं सरकार, पोच मिळाली!" एकदा आंघोळीच्या वेळी मी त्याच्या पोटऱ्या पाहिल्या. निळ्या-काळ्या फुगल्या होत्या. त्या कातडीवरही वळ दिसतात याचं मला आश्चर्य वाटलं. ते आश्चर्य मला आजही सोडत नाही.

तो असं का सहन करत होता, हे मला पुष्कळ वर्षं कळलं नाही. त्याला थाळा सोडायचा नव्हता. इतकंच.

आणि मग तो शुक्रवार. आदल्या दिवशी गावाहून आलेल्या माणसानं याकूबला निरोप दिला होता: मुलगी झाली, आई-मुलगी बरी आहेत. लग्नानंतर सात वर्षांनी. तो सकाळीच मटण घेऊन आला, चाचांना चुलीपाशी फिरकू दिलं नाही, स्वतः रांधलं. भुशाच्या वासावर तळलेल्या कांद्याचा वास चढला होता. नमाजेहून परतल्यावर त्यानं थाळा स्वतः उतरवला, पाण्याचा जग टाकीपाशी ठेवला आणि चटईवर वरच्या बाजूला, शिडाच्या जागी, मांडी घालून बसला.

"आज पोरीच्या नावानं पयला हात माझा," तो म्हणाला आणि त्यानं थाळ्यात हात घातला.

चाचा म्हणाले, "घे रे बाबा, घे. मुबारक."

विश्राम बसला नाही. अर्धं बोट माझ्याकडे करून म्हणाला, "मास्तर, वहीत काय लिवलंय?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. याकूबही. त्याच्या तोंडात घास होता आणि तो हसत होता. मी काहीतरी गंमत करणार, अशा खात्रीनं. मला म्हणता आलं असतं, आज मिसळबंदरला सुट्टी आहे. एवढं एक वाक्य. मी उठलो, उशाखालून वही काढली आणि वाचलं. तळाच्यानं पहिला हात घातला तर त्या हातावर दहा.

तो उठला, हात धुतला, पुसला आणि पुढे केला. "मार बाबा. पोरीच्या बारशाचा ढोल समजतो."

विश्रामनं मारले. एक, दोन, तीन. तो रोजच्यासारखा मारत नव्हता. केबिनची काच, उन्हातले दोन तास, सगळं त्या पट्टीत उतरलं होतं. चौथ्याला पट्टी फुटली आणि याकूबच्या तळव्यातून रक्त आलं. त्यानं हात मागे घेतला. "बास," म्हणाला. भाऊ ओरडले, "सहा राहिले!" आणि त्यांनी त्याला दोन्हीकडून धरून अंगणात कोरायला आणून ठेवलेल्या एका अर्धवट मंदूसवर वाकवलं. विश्रामनं त्याचं मनगट पेटीच्या झाकणावर दाबून धरलं. चाचा "अरे, सोडा, सोडा" करत होते, पण त्यांचे गुडघे त्यांना चटकन उठू देत नव्हते.

याकूबनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. आता तो हसत नव्हता.

"मास्तर," तो म्हणाला, "तुझा दंड पुन्हा लाव त्या कार्डाला. अंगठा काढून लाव. आणि यांना सांग, तुझं पान कुठं मांडत होते. तुझ्या गावाची माणसं आमच्या बाजाराला येतात. मी पयल्या दिवसापासून वळखतो तुला. बोललो का कधी?"

 विश्राम माझ्याकडे बघत होता, मोठा दापोलीकर बघत होता. त्यांच्या नजरेत अजून काही नव्हतं, फक्त प्रश्न होता. पण ती नजर पुढच्या क्षणी काय होईल ते मला ठाऊक होतं. मी ती लहानपणापासून पाहिली होती.

त्याच पेटीच्या कडेला याकूबचा लाकडी हातोडा पडला होता. बाभळीचा, त्यानं स्वतः केलेला, मूठ त्याच्याच हाताच्या घामानं काळी झालेली. मी तो उचलला आणि झाकणावर दाबून धरलेल्या त्या हातावर घातला. एकदा नाही. तीनदा. पहिल्या घावाला ओली फांदी मोडावी तसा आवाज झाला. दुसऱ्याला विश्राम ओरडला, "मास्तर, काय करतोस!" आणि त्यानं मनगट सोडलं. तरी मी तिसरा घातला.

हे मी लिहायला बसलो आहे, ते याच वाक्यासाठी. पुढे कोकणात जी गोष्ट फिरली, त्यात हात विश्रामनं मोडला होता. दापोलीकरांपैकी कुणीतरी सुट्टीवर गेल्यावर तशी सांगितली असणार. विश्रामच्या मुलीचं जमत आलेलं लग्न त्यामुळे फिसकटलं. तो मला म्हणायचा, "तू एक शब्द टाक रे, तुझं ऐकतील." मी म्हणायचो, टाकतो. तो आता नाही. विश्रामनं पट्टी मारली. हातोडा मी मारला. विश्राम तर सोडवायला आला होता.

याकूब पेटीच्या कडेवरून घसरत खाली बसला आणि आपला हात मांडीवर ठेवून त्याच्याकडे पाहत राहिला, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा. हसनचाचांनी माझ्या तोंडात इतकी जोरात थप्पड मारली की माझा एक दात हलला. मग त्यांनी डोक्याची पगडी सोडून याकूबचा हात बांधला. थाळ्यातल्या भातावर मटणाची चरबी थिजली होती. तो आम्ही कुत्र्यांना घातला.

दवाखान्यात कुणीतरी "मशीन" म्हणालं आणि तोच शब्द चालू राहिला. शनिवारी सकाळी अर्बाबच्या ऑफिसात मी तो कागद लिहिला. कामगार सुट्टीच्या दिवशी परवानगीशिवाय बँडसॉ चालवत होता, निष्काळजीपणामुळे उजवा हात सापडला. इंग्रजीत, चांगल्या अक्षरात. अर्बाबनी कागद वाचला, प्लास्टरच्या कडेनं दिसणाऱ्या बोटांकडे पाहिलं आणि विचारलं, "मशीन? मशीन काटता है, मास्तर. खून किधर? ये तो टूटा है." त्यांचं आयुष्य लाकडात गेलं होतं. मी म्हणालो, "मशीन, अर्बाब." ते याकूबकडे वळले आणि हळू आवाजात स्वाहिलीत काहीतरी बोलले. ते शब्द त्याला नेहमीप्रमाणे कळले नाहीत. पण काय विचारताहेत ते कळलं असणार. सत्य सांगितलं असतं तर पोलीस आले असते. पाचही जणांचे व्हिसा गेले असते, हसनचाचांचासुद्धा, ज्यांच्या तीन मुली लग्नाच्या होत्या. याकूब माझ्याकडे बघत म्हणाला, "मशीन." आणि डाव्या हातानं, लहान मुलासारखी वेडीवाकडी सही केली.

"खलास," अर्बाब म्हणाले. त्यानंतर ते माझ्याशी कामापुरतंही थेट बोलले नाहीत. निरोप चाचांकडून यायचे.

दोन आठवड्यांनी त्याला परत पाठवलं. चाचांनी त्याचं खोकं दोरीनं बांधलं. पिकअप दाराशी आली, याकूब केबिनमध्ये बसला, अर्बाब स्वतः चालवत होते. मी गेटपाशी उभा होतो. मागच्या काचेतून त्याचं डोकं दिसत होतं. ते वळलं नाही. मी वही भुशाच्या पिंपात घालून जाळली. पुढच्या शुक्रवारी विश्राम कुणी काही न सांगता बाजारातून पाच ताटल्या घेऊन आला.

मी त्या देशात पुढे पस्तीस वर्षं राहिलो. दुसरीकडे नोकरी धरली, लग्न केलं, वादी कबीरमध्येच दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. मुलगा तिथल्या शाळेत जायचा. एका संध्याकाळी तो वही घेऊन आला. "बाबा, प्रोजेक्ट आहे. इमॅजिनरी कंट्री बनवायची. फ्लॅग झाला. आता सांगा ना, तिथे पीपल किती टाइपचे असतात?" मी त्याच्या कानाखाली मारली. त्याला आजही वाटतं की मला त्याच्या मोडक्या मराठीचा राग आला होता. त्यालाही हे प्रकरण वाचायला देणार आहे. तो वाचू शकेल की नाही, माहीत नाही. आईनं वाचून दाखवावं.

गावी परतल्यावर तीन वर्षं मी मुरूडचा रस्ता टाळला. गेल्या हिवाळ्यात गेलो. याकूबचं घर नारळीच्या वाडीत आहे. दारावर नक्षी नाही. त्यानं मला लगेच ओळखलं. केस पांढरे, पाठ ताठ. उजवा हात सदऱ्याच्या खिशात. आत जाऊन बायकोला म्हणाला, "मस्कतचा मास्तर आलाय. जेवल." माझं बोलणं त्यानं ओटीवर बसून ऐकलं. मी सगळं सांगितलं, हातोडा, कागद, विश्राम.  शेवटी तो म्हणाला, "लिवणार हायस तर लिव. मशीनचं नाव उगाच खराब केलंस, ते पयलं लिव. चांगली मशीन होती. आणि विश्रामच्या पोरीला कागद नेऊन दे. नुसता छापू नको."

मी विश्रामच्या मुलीकडे जाऊन आलो. तिनं दार उघडं ठेवून उभ्या उभ्या ऐकलं आणि पाणी विचारलं नाही.

पण त्या दुपारी याकूबच्या घरी जेवायला बसलो, ते सांगायचं राहिलं. चटई घातली. त्याची मुलगी माहेरी आली होती. तीच, जिच्या नावानं मटण शिजलं होतं. तिची दोन मुलं, जावई, मी. मोठा थाळा मध्ये उतरला, भाताची वाफ, वर सुरमई. आणि मुलीनं बापापुढे एक वेगळी ताटली ठेवली, चमचा लावून. मी बघत राहिलो. मग माझ्या ध्यानात आलं. उजव्या हाताची बोटं मिटत नाहीत, आणि डावा हात थाळ्यात घालायचा नसतो. पस्तीस वर्षांहून जास्त काळ तो माणूस आपल्याच घरात, थाळ्याच्या बाहेर जेवत होता.

कुणी सुरुवात करेना. पाहुण्याची वाट बघत होते.

"काय मास्तर," याकूब म्हणाला, "तुमचा तो मिसळबंदर चालू हाय अजून?"

"नाही," मी म्हणालो.

"मग बघतोस काय? पोरं भुकेली हायत. घाल पयला हात."

मी हात घातला. भात फार गरम होता. तो आपल्या ताटलीत चमच्यानं कालवत होता आणि माझा घास तोंडापर्यंत जातो की नाही, ते पाहत होता.